एकतीस अंशांच्या पलीकडे : कार्बन डायऑक्साइडच्या शीतयंत्रणेविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्यात शीतगृहांतील नव्या वायूंविषयीच्या एका पत्राला उत्तर देताना, आपल्याकडच्या उन्हाळ्यातही कार्बन डायऑक्साइडवर चालणारी यंत्रणा नीट आखल्यास परवडू शकते, असे एक वाक्य मी लिहून गेलो. त्या वाक्याचा जाब विचारणारी बरीच पत्रे आली. त्यांतील सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : नागपूरजवळ आमचे संत्री व भाजीपाला ठेवण्याचे शीतगृह आहे. आर-२२ या जुन्या शीतक वायूवरची यंत्रणा आता बदलायची आहे. एक विक्रेता सांगतो की कार्बन डायऑक्साइडचे यंत्र ३१ अंशांच्या वर चालतच नाही. दुसरा सांगतो की उन्हाचा त्याच्यावर काहीच परिणाम होत नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो. विश्वास कोणावर ठेवावा?

उत्तर : पहिल्याने आकडा बरोबर सांगितला आणि निष्कर्ष चुकीचा काढला. दुसऱ्याने आकडाच लपवला. ३१ अंश सेल्सिअस हे कार्बन डायऑक्साइडचे क्रांतिक तापमान आहे आणि त्या बिंदूवरचा दाब सुमारे ७४ बार असतो (एक बार म्हणजे साधारणपणे भोवतालच्या हवेचा दाब). या तापमानाच्या वर तो वायू कितीही दाबला तरी त्याचे द्रवात रूपांतर होत नाही. आर-२२ किंवा अमोनिया कंडेन्सरमध्ये शिरतो, उष्णता टाकतो आणि द्रव होऊन बाहेर पडतो. नागपूरच्या मे महिन्यात कार्बन डायऑक्साइड मात्र त्याच जागी नुसता निवत जातो, द्रव होत नाही, आणि म्हणूनच त्या भागाला कंडेन्सर न म्हणता गॅस कूलर म्हणतात. पुढे व्हॉल्व्हमधून दाब उतरला की त्याचा काही भाग द्रव होतो आणि काही भाग वायूच राहतो. यंत्र बंद पडत नाही, पण द्रव कमी हाती येतो, आणि गारवा तर द्रवाच्या बाष्पीभवनातूनच मिळायचा असतो.

किती कमी, ते आकड्यांत पाहू. गॅस कूलरमधून वायू ४० अंशांवर आणि १०० बार दाबावर बाहेर पडला आणि मधल्या रिसीव्हर नावाच्या टाकीत ३५ बारवर उतरवला, तर जवळजवळ निम्मा भाग वायूरूपातच राहतो. तोच २५ अंशांवर बाहेर पडला, तर वायूचा वाटा पाव हिश्शाच्या थोडा वर राहतो. म्हणजे या यंत्राचे सारे भवितव्य गॅस कूलरच्या बाहेरच्या टोकाला लावलेल्या तापमापीवर ठरते. आपल्या हवामानासाठी या यंत्रणेत ज्या सुधारणा झाल्या, त्यांतील बहुतेक एक तर ते तापमान खाली आणण्यासाठी आहेत, नाही तर त्या निम्म्या वायूची सोय स्वस्तात लावण्यासाठी.

त्याआधी दाबाविषयी, कारण येथे खर्च काहीच नसतो आणि चुका मात्र सर्वाधिक होतात. क्रांतिक बिंदूच्या खाली तापमान ठरले की दाब आपोआप ठरतो. त्याच्या वर ही गाठ सुटते आणि दाब किती ठेवायचा हे यंत्र चालवणाऱ्याच्या हाती येते. बाष्पीभवन उणे ५ अंशांवर आणि गॅस कूलरच्या बाहेर ४० अंश, असे धरले आणि दाब ९० वरून १०० बारवर नेला, तर दर किलोमागे मिळणारा गारवा सुमारे एक तृतीयांशाने वाढतो, कॉम्प्रेसरचे काम मात्र दहाएक टक्क्यांनीच वाढते. त्याही पुढे दाब चढवत गेल्यास लाभ आटतो आणि वीजबिल तेवढे वाढत राहते. प्रत्येक तापमानासाठी एक योग्य दाब असतो : ३५ अंशांना ९० बारच्या आसपास, ४० अंशांना १०० च्या आसपास, ४५ अंशांना ११० च्याही वर. हा दाब तापमानानुसार सतत बदलता ठेवावा, हा विचार नॉर्वेतील त्रोन्हाइमचे प्राध्यापक गुस्ताव लोरेंत्सेन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस मांडला आणि अडगळीत पडलेला हा वायू त्यामुळेच पुन्हा वापरात आला. एका ठिकाणी मी असे यंत्र पाहिले होते की ते बसवणाऱ्यांनी थंड देशातील दाबाची मर्यादा तशीच ठेवली होती आणि मालक दोन उन्हाळे वायूला दोष देत होता. तेव्हा यंत्र घेताना, ४५ अंशांच्या दुपारी दाब कितीवर जाईल आणि त्यासाठी नळ्या व कॉम्प्रेसर कितीपर्यंतचे आहेत, हे लेखी मागावे.

आता नागपूरविषयी. आपल्याकडच्या घराघरांत वाळ्याचा कूलर असतो, आणि तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या कूलरमध्येच आहे. मे महिन्यातील दुपारी हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर तापमापीच्या फुग्याला ओले फडके गुंडाळल्यावर पारा २३ अंशांच्या आसपास उतरतो. गॅस कूलरच्या हवेच्या वाटेवर ओल्या जाळ्या उभ्या केल्या आणि त्यांनी या २१ अंशांच्या फरकापैकी ८० टक्के फरक साधला, तर आत शिरणारी हवा २७ ते २८ अंशांची होते आणि वायू ३० ते ३१ अंशांवर बाहेर पडू शकतो. जाळ्या नसताना तोच वायू ४७ अंशांवर बाहेर पडला असता. या यंत्रणेच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

पाणी किती लागेल, हे मात्र आधी मोजावे. गॅस कूलरमधून १०० किलोवॉट उष्णता बाहेर टाकायची असेल आणि त्यात हवा १५ अंशांनी तापत असेल, तर भर दुपारी ताशी दीडशे ते पावणेदोनशे लिटर पाण्याची वाफ होईल, शिवाय क्षार साठू नयेत म्हणून काही पाणी सोडून द्यावे लागेल. विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी थेट नळ्यांवर आणि त्यांच्यावरच्या पत्र्याच्या पातळ पंखांवर फवारण्याचा स्वस्त मार्ग कोणी सुचवल्यास तो नाकारावा. दोन हंगामांत पंखांवर क्षाराचा थर बसतो आणि गॅस कूलर कायमचा अधू होतो. जाळ्या वेगळ्या असाव्यात, त्या बदलता याव्यात, आणि पावसाळ्यात त्यांचे पाणी बंद ठेवावे, कारण दमट दिवसांत कूलर लावला की घरात जे होते तेच येथेही होते. टंचाईच्या दिवशी पाणी न मिळाल्यास यंत्र किती टक्के क्षमतेवर चालेल, हा प्रश्नही विक्रेत्याला विचारा. त्या उत्तरावरून त्याला विषय किती कळतो ते समजेल.

प्रश्न : आमचा रत्नागिरीत मासळी प्रक्रियेचा छोटा कारखाना आहे. नागपूरइतके ऊन येथे नसते, पण बारा महिने दमट हवा असते. ओल्या जाळ्यांचा आम्हाला उपयोग होईल का? आणि समुद्र शेजारीच असताना त्याच्या पाण्यानेच वायू थंड का करू नये?

उत्तर : जाळ्यांचा उपयोग फारसा होणार नाही. हवा ३३ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर ओल्या फडक्याचे तापमान २८ च्या वर राहते. म्हणजे जाळ्यांनी फार तर चार अंश मिळतील आणि देखभाल वर्षभर गळ्यात पडेल.

समुद्राच्या पाण्याचा प्रयोग या वायूने फार पूर्वी केलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढची पाच-सहा दशके बोटींवरील शीतयंत्रे बऱ्याच प्रमाणात कार्बन डायऑक्साइडवरच चालत. बंदिस्त जागेत गळला तरी तो अमोनियासारखा झोंबत नाही आणि पेटत नाही, हे त्याचे कारण. पण बोट उष्ण कटिबंधातील कोमट पाण्यात शिरली की त्या यंत्रांची क्षमता घसरे. १९३० नंतर फ्रिऑन नावाचे कृत्रिम शीतक वायू आले आणि हा वायू मागे पडला. अरबी समुद्राचे पृष्ठाजवळचे पाणी वर्षाचा बराच काळ २७ ते ३० अंशांच्या दरम्यान असते, त्यामुळे वायू ३० ते ३३ अंशांवर बाहेर पडेल. हे वाईट नाही, ३३ अंशांच्या हवेपेक्षा बरेच आहे, पण खारे पाणी सोसणारी उष्णता-विनिमयक यंत्रे महाग असतात आणि शंख-शिंपले व शेवाळ काढण्याचे काम कोणालाच आवडत नाही.

आपल्यासाठी दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. नागपूरला हिवाळ्यातील रात्री पारा १५ अंशांच्याही खाली येतो आणि तेव्हा हे यंत्र इतर कोणत्याही यंत्रासारखे, वायूचा द्रव करत, निवांत चालते. कोकणात अशा रात्री मोजक्याच. तेथे यंत्राला वर्षभर, दिवसाचा बहुतेक वेळ, क्रांतिक बिंदूच्या आसपास किंवा वर राहावे लागते. म्हणून निम्म्या उरलेल्या वायूची सोय लावणाऱ्या ज्या दोन युक्त्या आहेत, त्यांवर खर्च केलेला पैसा कोकणात रोज वसूल होतो.

पहिली युक्ती समांतर कॉम्प्रेसरची. साध्या यंत्रणेत रिसीव्हरमधला वायू ३५ बारवरून बाष्पीभवनाच्या कमी दाबावर उतरवतात आणि मुख्य कॉम्प्रेसरने तो पुन्हा १०० बारवर चढवतात. जिन्याच्या मधल्या पायरीवर आलेल्या माणसाला खाली पाठवून पुन्हा वर बोलावण्यासारखेच हे आहे. एक वेगळा कॉम्प्रेसर त्या वायूला मधूनच उचलून वर नेतो आणि तेवढी वीज वाचते. दुसरी युक्ती इजेक्टरची. १०० बारचा वायू व्हॉल्व्हमधून नुसता सोडला तर त्याच्या दाबातील शक्ती वाया जाते. तोच एका निमुळत्या तोटीतून वेगाने सोडला तर तो बाष्पीभवन यंत्रातला वायू ओढून घेऊन रिसीव्हरच्या दाबापर्यंत चढवतो. त्यात फिरणारा एकही भाग नसतो. उष्णता जितकी जास्त, तितकी वाया जाणारी शक्ती जास्त, आणि तितका इजेक्टरचा लाभही जास्त, ही त्यातली गंमत आहे. सर्वसाधारणपणे १० ते २० टक्के विजेची बचत धरायला हरकत नाही. जॉर्डनची राजधानी अम्मान येथील एका सुपरमार्केटमध्ये २०१८ मध्ये अशी यंत्रणा संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संघटनेच्या साहाय्याने बसवली गेली, आणि आपल्याकडे आयआयटी मद्रासमध्ये नॉर्वेच्या सहकार्याने भारतीय तापमानांवर तिचे प्रयोग झाले आहेत.

तथापि आपल्या कारखान्यात अमोनियाची यंत्रणा आधीच असेल, तर मी यातले काहीच सुचवणार नाही. अमोनिया यंत्रघरात वरच्या टप्प्यावर ठेवावा आणि गोठवण खोल्यांकडे खालच्या टप्प्यात कार्बन डायऑक्साइड फिरवावा. खालच्या टप्प्यातील वायूचा द्रव उणे १० अंशांच्या आसपास अमोनियाच करून देतो, त्यामुळे बाहेरच्या उन्हाशी त्याची गाठच पडत नाही, आणि कामगारांच्या डोक्यावरून अमोनियाच्या नळ्या जात नाहीत.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यात विज्ञान शिकवतो. ज्या वायूमुळे पृथ्वी तापते तोच वायू शीतयंत्रात भरून पर्यावरण वाचवण्याची भाषा करणे विसंगत नाही का?

उत्तर : विसंगती शब्दांत आहे, हिशेबात नाही. शंभर वर्षांच्या मोजणीत एक किलो आर-४०४ए हा प्रचलित वायू सुमारे ३,९०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो आणि आर-२२ सुमारे १,८०० किलोइतकी. शीतयंत्रात भरला जाणारा कार्बन डायऑक्साइड मुद्दाम तयार केलेला नसतो. खत कारखान्यांत आणि मद्यार्काच्या आसवन्यांत तो एरवीही बाहेर पडतच असतो, तेथूनच तो शुद्ध करून घेतात. मात्र विद्यार्थ्यांना हिशेबाची दुसरी बाजूही सांगावी. आपल्या देशात एक युनिट विजेमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे १० किलो आर-४०४ए गळणे हे साधारण ५५ हजार युनिट वीज जाळण्यासारखे आहे, आणि नवे यंत्र उन्हाळ्यात तितकी जादा वीज खात असेल तर वायू बदलून काहीच साधणार नाही. असे तापवणारे शीतक वायू घटवण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराला, म्हणजे किगाली दुरुस्तीला, भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली आहे. तिच्यानुसार आर-४०४ए सारख्या वायूंचा वापर २०३२ पासून टप्प्याटप्प्याने उतरत २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी कमी व्हायचा आहे.

प्रश्न : मी वीस वर्षे एसी आणि शीतगृहांचा मेकॅनिक आहे. या वायूच्या यंत्रावर काम करण्याची संधी आली आहे, पण १०० बारचा दाब ऐकून घरचे घाबरले आहेत. आमच्या भागात वीजही वारंवार जाते. काय काळजी घ्यावी?

उत्तर : आपण विजेचा उल्लेख केलात, हे फार बरे झाले, कारण या यंत्राचा खरा धोका ते चालताना नसून बंद असताना असतो. चालू यंत्रात १०० बार फक्त गॅस कूलरच्या बाजूला असतात आणि ती बाजू त्यासाठीच बांधलेली असते. वीज गेली की थंड बाजूचा द्रव हळूहळू तापू लागतो. ० अंशांवर त्याचा दाब ३५ बार असतो, २० अंशांवर ५७, आणि ३० अंशांवर ७२. थंड बाजू ५०-६० बारसाठीच बांधलेली असेल, तर चार-पाच तासांत सुरक्षा झडप उघडते, वायू हवेत निघून जातो आणि वीज आल्यावर मालक तुम्हाला फोन करतो. यावर उपाय तीन आहेत : रिसीव्हरला जाड उष्णतारोधक थर, थंड बाजूही जास्त दाबाची घेणे, आणि जनरेटरवर चालणारे एक छोटे स्वतंत्र शीतयंत्र, ज्याचे काम रिसीव्हर थंड ठेवणे एवढेच. भारनियमनाच्या भागात तिसऱ्या उपायाला मी ऐच्छिक मानत नाही.

हाताच्या सवयी बदलाव्या लागतील. दोन बंद व्हॉल्व्हच्या मध्ये द्रव कधीही अडकू देऊ नका. पूर्ण भरलेल्या नळीत तापमान एक अंशाने वाढले तर दाब १० बारपर्यंत वाढू शकतो आणि नळी फुटते. रिकाम्या, निर्वात केलेल्या यंत्रात थेट द्रव सोडू नका. ५.२ बारच्या खाली हा पदार्थ द्रवरूपात राहतच नाही, त्याचा कोरडा बर्फ होतो आणि नळ्या तुंबतात. म्हणून आधी वायू भरून दाब दहाएक बारवर आणावा, मगच द्रव सोडावा. सुरक्षा झडपही याच कारणाने नळीच्या बाहेरच्या टोकाला हवी, नाही तर झडपेपुढच्या नळीत बर्फ साचून वाट बंद होते. ओलावा कटाक्षाने टाळावा, कारण पाण्याशी मिळून तो आम्ल बनवतो. एसीची नेहमीची तांब्याची नळी उच्च दाबाच्या बाजूला चालत नाही, तेथे स्टेनलेस स्टील किंवा थोडे लोखंड मिसळलेल्या तांब्याची खास नळी लागते.

गळती नाकाला कळत नाही, हे घरच्यांना नव्हे तर स्वतःला बजावावे. अमोनिया ओरडून सांगतो, हा वायू गुपचूप जमिनीलगत साचतो, कारण तो हवेच्या दीडपट जड आहे. आठ तासांच्या कामासाठी हवेत त्याची मर्यादा अर्धा टक्का आहे. चार टक्क्यांना जागा ताबडतोब सोडावी लागते आणि दहा टक्क्यांना माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. सूचक यंत्र गुडघ्याच्या उंचीवर बसवलेले नसेल, तर त्या खोलीत उतरू नये. या गोष्टी पाळणाऱ्या मेकॅनिकला १०० बारचे भय नाही. शिवाय हा वायू इतका घट्ट असतो की कॉम्प्रेसरच्या तेवढ्याच फेऱ्यांत तो आर-२२ च्या सुमारे पाचपट गारवा वाहून नेतो. त्यामुळे नळ्या आणि कॉम्प्रेसर आपल्या नजरेच्या सवयीपेक्षा बरेच लहान दिसतील.

प्रश्न : कोल्हापूर जिल्ह्यातील आमच्या दूध संस्थेत दूध थंड करण्यासाठी वीज आणि भांडी धुण्याच्या गरम पाण्यासाठी लाकूड, असा दुहेरी खर्च होतो. या यंत्राने दोन्ही कामे होतात असे ऐकले, ते खरे आहे का?

उत्तर : खरे आहे, आणि माझ्या मते महाराष्ट्रात या यंत्राची सुरुवात व्हायची तर ती दूध संस्थांतूनच व्हावी. कॉम्प्रेसरमधून हा वायू ९० ते १२० अंशांवर बाहेर पडतो आणि द्रव न होता हळूहळू निवत जातो, त्यामुळे उलट्या दिशेने येणारे पाणी ७० अंशांपर्यंत सहज तापते. जपानमध्ये घरगुती पाणी तापवण्यासाठी ही यंत्रे २००१ पासून विकली जातात. एक हजार लिटर दूध ३५ अंशांवरून ४ अंशांवर आणायला सुमारे ३५ युनिट (किलोवॉट-तास) उष्णता काढावी लागते. त्यात कॉम्प्रेसरची वीज मिळवली की २५ अंशांचे सुमारे ९०० लिटर पाणी ७० अंशांवर नेण्याइतकी उष्णता हाती येते. गळती-घट धरून ७०० लिटर समजा. त्याहून मोठा लाभ असा की टाकीतील २५ अंशांचे पाणीच वायूला निववत असल्याने तो ३० अंशांच्या आसपास बाहेर पडतो, आणि नागपूरकरांना जे जाळ्यांनी मिळवावे लागते ते आपल्याला पाणी तापवता तापवता मिळते.

अट एकच आहे. गरम पाणी खरोखर वापरले गेले पाहिजे. टाकी ७० अंशांची भरून राहिली आणि यंत्राला तेच गरम पाणी परत मिळू लागले, तर वायू निवणार कोठे? तेव्हा दूध येण्याची वेळ आणि धुण्याची वेळ यांचे आठवडाभराचे टिपण आधी करा, टाकीचा आकार त्यावरून ठरवा, आणि शिवाय हवेवर चालणारा गॅस कूलर राखीव ठेवा.

प्रश्न : माझे पुण्यात किराणा दुकान आहे. शीतपेये आणि दह्यासाठी एक उभा फ्रीज घ्यायचा आहे. तो कार्बन डायऑक्साइडचा घ्यावा का?

उत्तर : आग्रह धरू नये. एवढ्या लहान यंत्रात इजेक्टर किंवा समांतर कॉम्प्रेसर बसवणे परवडत नाही, आणि त्यांच्याविना उन्हाळ्यात वीज जास्त लागेल. आर-२९० म्हणजे प्रोपेन किंवा आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असलेला फ्रीज घ्यावा. त्यात ज्वलनशील वायू असतो, पण तो ग्रॅमांत मोजण्याइतकाच. फ्रीज भिंतीपासून वीतभर दूर ठेवा आणि मागच्या जाळीवरची धूळ दर महिन्याला झाडा.